जबलपूर, व्हाया खापा

मनोहररावांना जबलपूरला जायचं होतं, म्हणून ते दर रविवारी खाप्याला जात. खाप्यावरून जबलपूरला रस्ता जात नाही, हे त्यांना माहीत होतं. तरीही ते जात. यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं, तर त्याने नर्मदामाई मोटर सर्व्हिसची योजना नीट वाचलेली नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

ही अडुसष्ट-एकोणसत्तर सालची गोष्ट. नागपुरातून खाजगी मोटारी सुटत त्या काळातली. नर्मदामाईच्या गाड्या जुन्या होत्या, चढावर त्या दमत आणि उतारावर प्रवासी दमत. गिऱ्हाईक तुटायला लागलं तेव्हा मालकाने 'प्रवासी मित्र कार्ड' काढलं. चार मित्रांच्या नावाने एक कार्ड, त्यावर चौघांचा फोटो. चौघांपैकी कुणीही खाप्याइतक्या लांबचा किंवा त्याहून लांबचा प्रवास केला की कंडक्टर कार्डावरच्या एका चौकोनात जांभळा शिक्का मारणार. जाताना एक, येताना एक. दसऱ्यापर्यंत कार्ड भरलं, तर चौघांना जबलपूरचा जाऊन-येऊन प्रवास फुकट आणि कंपनीच्या लॉजमध्ये दोन दिवस मुक्काम. फक्त जबलपूरच्या त्या प्रवासाला कार्डावरचे चौघेच्या चौघे हवेत, बदली माणूस चालणार नाही. एक जरी कमी असला तरी कार्ड रद्द.

"नियम म्हनजे नियम जी," असं बुकिंगच्या खिडकीतले नत्थूजी प्रत्येक वाक्याच्या शेवटी म्हणत. पूर्णविरामाच्या जागी ते हेच वापरत असावेत.

कार्ड काढणारे चौघे सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत एकाच रांगेतल्या टेबलांवर बसत. हेडक्लार्क मनोहरराव, देहाने अवाढव्य मारोतराव, सोवळ्यातले भैयाजी आणि सगळ्यांत धाकटा, बिनलग्नाचा वसंत. मारोतरावांनी कॅलेंडरवर भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहिले होते. यंदा कोजागिरी शनिवारी येत होती. चांदण्यात नाव, दोन्ही बाजूंना पांढरे कडे, हातात मसाल्याचं दूध, असा सगळा बेत टेबलावर ठरला. योजनेत बसेल असं सगळ्यांत जवळचं गाव खापा, म्हणून खाप्याच्या पाळ्या लावल्या.

पहिल्या रविवारी मारोतराव गेले आणि पाठ धरून परत आले. ती पाठ पुढे दसऱ्यापर्यंत सुटली नाही. दुसऱ्या रविवारी भैयाजी गेले. चातुर्मासात नदी ओलांडू नये असा काहीतरी नियम त्यांना परतीच्या वाटेवर आठवला. वसंतची ना नव्हती, पण तो खोली घेऊन एकटा राहायचा, रविवारी त्याची खानावळ बंद असे आणि आठवड्याचं धुणं वाट बघत असे. राहिले मनोहरराव. योजना त्यांनीच वाचून दाखवली होती, त्यामुळे त्यांना पाठही नव्हती आणि चातुर्मासही नव्हता.

"तिकीट काढून गेले असते तं आतापावतो जबलपूर पाहून झालं असतं," त्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या.

"तुले योजना समजत नाही," मनोहरराव म्हणाले. हेडक्लार्कला योजनेवर शंका आवडत नाही.

आता खाप्याला सकाळी उतरलेल्या माणसाला परतीची गाडी दुपारी मिळे. मधले तास कुठे घालवायचे हा प्रश्न होता. मोटारस्टँडवर बसावं तर येणारा-जाणारा टक लावून बघणार. मनोहररावांच्या पहिल्याच रविवारी स्टँडसमोरच्या घरातून एक गृहस्थ बाहेर आले. त्यांचं नाव देवाजी, घरात दोन माग आणि हातात नेहमी धोटा.

"कोनाकडे आले जी?" देवाजींनी विचारलं.

इथे खरं सांगून टाकलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. पण 'शिक्का मारून घ्यायला आलो' हे वाक्य इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाच्या तोंडून निघत नाही. मनोहररावांचं तर मुळीच निघालं नाही.

"कोनाकडेच नाही जी," ते म्हणाले. "असाच आलो. गाव पाहाले. चांगली घरं, चांगली मानसं पाहाले."

देवाजींनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि चहाला घरात बोलावलं.

त्या चहाबरोबर घरातली मुलगी बाहेर आली. तिने कप पुढे केला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मनोहररावांनी विचारलं, "नाव काय बेटा?"

"सिंधू."

"कितवी शिकली?"

"मॅट्रिक झाली."

"वा. स्वैपाक येते काय?"

"येते जी."

मनोहररावांना वाटलं, मुलांशी बोलण्याची हातोटी आपल्यात आहे. आत स्वयंपाकघरात सिंधूची आई जिजाबाई भांड्यांचा आवाज थांबवून ऐकत होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या रविवारी चहाबरोबर पोहे आले. तिसऱ्या रविवारी पोह्यांवर ओलं खोबरं आलं. मग चिवडा, मग करंज्या. शेजारच्या बाया दारातून डोकावू लागल्या. मनोहररावांना यात नवल वाटलं नाही. कचेरीत ज्यांच्या बोलण्याच्या मध्येच मारोतराव डबा उघडतात, त्या आपल्याला ऐकायला खाप्यात गाव लोटतं, याचं त्यांना समाधानच होतं. कन्हानचं पाणी, हातमागाचं भवितव्य, आजकालची पिढी अशा विषयांवर ते पोहे संपेपर्यंत बोलत. लोक माना डोलवत आणि अधूनमधून भलतंच विचारत.

एकदा कार्ड काढताना खिशातून फोटोची जास्तीची प्रत पडली. देवाजींनी ती उचलली.

"हे कोन जी?"

"हा मी, मधात. हे मारोतराव, हे भैयाजी. आन् हा आमचा वसंत." मग मनोहररावांना वसंतचं कौतुक सुचलं. स्वतःचं करून झालेलं होतं. "लय गुनाचा पोट्टा. बिडी नाही, सुपारी नाही. नोकरी पक्की."

"लगन?"

"कुठचं जी! आई गेली तेव्हापासून एकटाच राह्यते. त्याचं पाहनारे आमीच. त्याच्या घरचे म्हना, दारचे म्हना, आमीच तिघं."

"गाव कोनतं म्हनले त्यायचं?"

"उमरेड. घरी माग होते पह्यले."

देवाजींच्या हातातला धोटा थांबला. "माग होते?" ते हळूच म्हणाले. जिजाबाई बाहेर आल्या आणि तो फोटो ठेवून घेऊ का म्हणून विचारू लागल्या. फोटोत आपण मधोमध आलो आहोत, तेव्हा मागणी रास्तच आहे, असं मनोहररावांना वाटलं. त्यांनी तो आनंदाने दिला.

नवरात्र लागायच्या आधीच्या रविवारी देवाजींनी आपल्या मागावरचा काठाचा दुपट्टा मनोहररावांच्या खांद्यावर घातला. आजूबाजूचे चारदोन म्हातारे उठून उभे राहिले. मनोहररावांनी दुपट्टा दोनदा नीट केला. कचेरीत इतकी वर्षं काढली, पण तिथे त्यांच्या खांद्यावर कुणी रुमालही टाकला नव्हता.

"दसऱ्याले येता ना?" देवाजींनी विचारलं. "वसंतरावलेबी आना. चौघंबी या."

"येतोच. दसऱ्याबिगर आमचं काम पुरं होत नाही."

"आमचंबी," देवाजी म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

घरी कुसुमताईंनी दुपट्टा पाहिला आणि त्यांच्या हातातली परात खाली गेली.

"हा कोनी देला?"

"मान देला गावानं."

"गाव दुपट्टा देत नाही. पोरीचा बाप देते." कुसुमताईंनी काठ उलटून पाहिला. "कोनाची पोरगी पाहून आले तुमी? आन् कोनासाठी?"

मनोहररावांनी या हलक्या संशयाचा निषेध म्हणून दोन वेळा भाजी घेतली नाही. पण शेजारच्या यमुताईंनी भिंतीपलीकडून परातीचा आवाज ऐकला होता, त्यामुळे प्रकरण तिथे थांबणं शक्य नव्हतं. रविवारी सकाळी मनोहरराव पावडर लावून निघतात, हे यमुताईंनी श्रावणापासूनच हेरलं होतं. त्यांनी कुसुमताईंना तीन सल्ले दिले. सोळा सोमवार धर, त्यांच्या डब्यात लिंबू ठेव आणि काहीच नाही जमलं तर ते कार्ड ताब्यात घे. पहिल्या दोन्हींना वेळ लागतो, म्हणून कुसुमताईंनी तिसरा पाळला.

दसऱ्याच्या सकाळी कार्ड सापडेना. मनोहररावांनी कोट झटकला, गादी उलटली, शेजारच्या मांजरावरही संशय घेतला. अखेर ते देवघरात सापडलं. विळी, अडकित्ता, शिवणयंत्राची चावी आणि मुलाची पाटी यांच्या रांगेत ते पूजेला मांडलेलं होतं, आणि शेवटच्या रिकाम्या चौकोनावर कुंकवाचं ठसठशीत बोट उठलेलं होतं.

"हत्यारं पूजतात आज," कुसुमताई म्हणाल्या. "आरती झाल्याबिगर उचलाचं नाही. आन् पोरीवाल्यायले सांगा, घरवालीचं नाव कुसुम आहे, हे जित्ती आहे."

आरती झाली तेव्हा गाडी सुटायला आली होती. मनोहरराव धावले.

त्या दिवशी चौघेही निघाले होते. कार्ड भरण्याचा सोहळा हे सांगायला कारण होतं. खरं कारण म्हणजे करंज्या. मारोतरावांची पाठ अचानक बरी झाली होती आणि भैयाजींनी नदी ओलांडताना डोळे मिटून घ्यायचं ठरवलं होतं. वसंतने नवा पांढरा शर्ट घातला होता, सण म्हणून. जाणारी गाडी रिकामी होती. सगळा ओघ उलट्या दिशेने, दीक्षाभूमीकडे चालला होता.

"परतीले लय गर्दी राहीन जी," कंडक्टर शिक्का मारता मारता म्हणाला. "खाप्यात मी थांबनार नाही. भोंगा वाजवीन तेव्हा या. परतीचा शिक्का हुकला तं कार्ड गेलं."

खापा आलं तेव्हा स्टँडवर सनई वाजत होती.

मनोहरराव पायरीवरच थबकले. सनईच्या मागे देवाजी होते, डोक्याला फेटा बांधून. त्यांच्या मागे बाया, हातात आरतीची ताटं. वसंत खाली उतरला आणि त्याच्या पायावर पाणी पडलं, कपाळाला कुंकू लागलं, डोक्यावर टोपी आली.

"मनोहरराव, तुमी सांगत होते ते कमीच होतं," मारोतराव भारावून म्हणाले. "काय पाहुनचार आहे!"

"शास्त्रोक्त आहे," भैयाजी म्हणाले.

अंगणात छोटा मांडव होता. मांडवात दोन पाट होते. एका पाटावर हिरव्या साडीत सिंधू मान खाली घालून बसली होती. दुसरा पाट रिकामा होता, आणि चार म्हातारे वसंतला दंडाला धरून त्या पाटाकडे नेत होते. वसंत गोंधळून हसत होता. त्याला वाटलं, इथे पाहुण्यांना असंच बसवतात.

आणि मग मनोहररावांच्या डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं. नाव काय, कितवी शिकली, स्वैपाक येते काय. पोहे. फोटो. दुपट्टा. स्वतःच्या लग्नाआधी त्यांच्या मामाने कुसुमताईंना हेच आणि याच क्रमाने विचारलं होतं. ते तसेच देवाजींना हाताला धरून मागाच्या खोलीत घेऊन गेले. आयुष्यात इतकी भीती त्यांना खात्याच्या तपासणीतही वाटली नव्हती.

"देवाजी, चूक झाली जी. मी पोरगी पाहाले येत नोहतो."

देवाजी हसले. त्यांना वाटलं, पाहुणे देण्याघेण्यावर येतायत. "मंग?"

मनोहररावांनी कार्ड काढलं. योजना समजावून सांगितली. मारोतरावांची पाठ, भैयाजींचा चातुर्मास, भेडाघाटचं चांदणं, सगळं सांगितलं. बोलता बोलता स्वतःचाच आवाज त्यांना अनोळखी वाटायला लागला. देवाजींनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

"शिक्क्यासाठी?"

"हाव जी."

"पावसापान्यात? दर रविवारी?"

"हाव."

"आन् पोरीले इचारलं ते?"

"असंच. बोलाचं म्हनून."

देवाजी मागाच्या फळीवर बसले. "मी काटोलच्या पाव्हन्यायले नाही म्हनून कळवलं जी," ते म्हणाले. "चांगलं घर होतं. गावाले वाटलं, नागपूरचं आलं म्हनून देवाजी चढला. आता हे उठून गेले तं गाव म्हनन, पोरीतच काही असन. माह्या पोरीले मंग..."

मनोहररावांना त्या क्षणी अतोनात लाज वाटली. आपली प्रतिष्ठा म्हणून जी काही चीज ते आजवर जपत आले होते, ती वाचवायला एका बापाचं तोंड काळं व्हायची वेळ आली होती. शिक्क्यासाठी आलो, हे दोन शब्द पहिल्या दिवशी तोंडातून निघाले असते तर लोक फार तर हसले असते.

बाहेर भोंगा वाजला. "मनोहरराव, गाडी!" हातात लाडू घेऊन मारोतराव ओरडले.

मनोहररावांचे पाय दाराकडे वळले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण दारात सिंधू उभी होती. ती पाटावरून कधी उठली कुणास ठाऊक. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, उठा," ती म्हणाली. "रडू नोका. लोकं आहेत बाहेर."

"अवं पन..."

"त्या मान्साले यातलं काही माहीत आहे काय?" तिने मनोहररावांना विचारलं.

"वसंतले? काहीच नाही."

"बरं."

ती परत मांडवात गेली आणि पाटावर बसली. पण आता तिने मान खाली घातली नाही. तिने समोरच्या वसंतकडे सरळ पाहिलं.

"नाव काय तुमचं?" तिने विचारलं.

सनई बंद पडली. बायांमधून एक 'अगं बाई' ऐकू आलं. वसंतच्या हातातला लाडू हातातच राहिला.

"व... वसंत."

"कितवी शिकले?"

"मॅट्रिक. मंग टायपिंग."

"स्वैपाक येते काय?"

वसंतने मनोहररावांकडे पाहिलं. मनोहररावांनी मांडवाच्या छताकडे पाहिलं. "चहा येते," वसंत म्हणाला. "दूध असलं तं."

"शिवनटिपन?"

"बटन लावता येते."

बायांमध्ये हशा पिकला. कुणीतरी म्हातारा खेकसला, पण त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. भोंगा पुन्हा वाजला. मनोहररावांच्या मुठीत कार्ड ओलं झालं होतं.

"चालून दाखवा जरा," सिंधू म्हणाली.

आणि वसंत उठला. का उठला ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो तुळशीपर्यंत चालत गेला, तिथे वळला आणि परत आला. येताना मांडवाच्या दोरीला त्याची टोपी अडकली आणि खाली पडली. ती उचलून त्याने नीट डोक्यावर ठेवली आणि पुन्हा पाटावर बसला. सिंधू त्याच्याकडे बघत होती. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण ते तेवढ्यात मिटलंही.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, मागच्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल अशी. "मले पोरगा पसंत नाही."

आणि ती आत निघून गेली.

मग जिजाबाईंची थोरली जाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पोट्टीनं नागपूरचा पोट्टा नापसंत केला वं माय!" आणि अंगणात एकच गलका उठला. देवाजी मागाच्या खोलीतून बाहेर आले. त्यांची पाठ पुन्हा ताठ झाली होती. संध्याकाळी सोनं लुटताना गावभर काय बोललं जाणार, ते त्यांना समजलं होतं. मुलगी नाकारली असं आता कुणी म्हणणार नव्हतं. त्यांनी एक नारळ घेतला आणि वसंतच्या हातात ठेवला.

"माफ करा पाव्हनं," ते म्हणाले. "पोरीची मर्जी."

गाडी हलायलाच लागली होती. भैयाजी सोवळं विसरून धावले, मारोतराव पाठ विसरून धावले. आत पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरे कपडे घातलेली माणसं, मांडीवर पोरं, गाठोड्यात भाकरी. एका आजीबाईंनी पोराला मांडीवर घेऊन मारोतरावांना अर्धी जागा दिली आणि मारोतरावांनी ती पूर्ण व्यापली. कंडक्टरने कार्ड हातात घेतलं, कुंकवाकडे संशयाने पाहिलं आणि त्यावरच शेवटचा जांभळा शिक्का हाणला. कार्ड भरलं. कुणीच आनंदाने ओरडलं नाही. वसंत खांबाला धरून, काखेत नारळ घेऊन उभा होता.

"मनोहरराव," तो म्हणाला, "मी बराबर चाललो नाही काय?"

मनोहररावांनी त्याच्या काखेतून निसटणारा नारळ वर सरकवला.

घरी त्यांनी कुसुमताईंना सगळं सांगितलं, अगदी पहिल्या पोह्यापासून. त्या हसतील असं त्यांना वाटलं होतं. पण त्या हसल्या नाहीत. "त्या पोट्टीच्या पायाचं तीर्थ घ्या," एवढंच त्या म्हणाल्या.

नत्थूजींनी कार्ड भिंगाखाली धरलं. शेवटचा शिक्का जांभळा आहे की लाल, यावर दोन दिवस वाद चालला. लाल शिक्क्याची तरतूद योजनेत नव्हती. मनोहररावांनी जांभळ्यात कुंकू मिसळल्यास रंग कोणता धरावा यावर अर्ज दिला. मालकापर्यंत प्रकरण गेलं आणि शेवटी एकदाची सही झाली. "पन चौघं म्हनजे चौघं," नत्थूजी म्हणाले. "नियम म्हनजे नियम जी."

कोजागिरीच्या शनिवारी सकाळी स्टँडवर जबलपूरची गाडी लागली. मारोतरावांनी उशी आणली होती, भैयाजींनी दुधाचा मसाला. मनोहररावांच्या खांद्यावर तो काठाचा दुपट्टा होता, नावेत गार वारा लागेल म्हणून कुसुमताईंनीच दिलेला. वसंतचा पत्ता नव्हता. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. नत्थूजी खिडकीतून घड्याळ दाखवू लागले. मारोतरावांनी खिडकीची जागा धरली होती आणि तिथूनच ते वसंतच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मनोहरराव स्टँडभर धावले, चहाच्या टपरीत बघितलं, पाणपोईवर बघितलं. मग त्यांना तो पांढरा शर्ट दिसला. शेजारच्या गाडीत. पाटीवर 'खापा' लिहिलं होतं.

वसंत खिडकीशी बसला होता. मांडीवर नारळ आणि नारळाशेजारी डबा.

"उतर!" मनोहरराव खिडकीतून ओरडले. "अरे बह्याडा, गाडी सुटून राह्यली! तुह्याबिगर कार्ड रद्द होते!"

"मी जबलपूरले येत नाही जी."

"काहून?"

वसंतने डबा उघडला. आत पिठलं होतं. त्याला गाठी होत्या आणि रंगही जरा भलताच होता, पण पिठलं आहे हे ओळखू येत होतं.

"हे तिसरं आहे," वसंत म्हणाला. "पह्यले दोन जळले. तिनं इचारलं होतं ना, स्वैपाक येते काय? तेव्हा नोहता येत. आता येते." त्याने डबा पुढे केला. "कोनी मले असं काही इचारलंच नोहतं जी, आई गेल्यापासून."

मनोहररावांनी बोटाने पिठलं चाखलं. मीठ जास्त झालं होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. मारोतराव उशी हलवून बोलावत होते, भैयाजी मसाल्याची पुडी उंच धरून दाखवत होते. चांदणं, नाव, पांढरे कडे, एवढ्या रविवारांची कमाई त्या गाडीत बसायची वाट बघत होती. आणि हा पोरगा एकटाच चालला होता. नाकारलेला पोरगा एकटा, बिनबोलावता दारात उभा राहिला, तर देवाजींना त्याला घरात घेता आलं नसतं आणि गावाने त्याला उभं केलं नसतं. कुणीतरी मोठं माणूस सोबत हवं. त्याच्या घरचे म्हणा, दारचे म्हणा, आमीच तिघं, असं कुणीतरी छातीवर हात ठेवून बोललं होतं.

मनोहरराव नत्थूजींच्या खिडकीशी गेले आणि भरलेलं कार्ड आत सरकवलं.

"रद्द करा," ते म्हणाले. "नियम म्हनजे नियम."

मारोतरावांनी मारलेली बोंब सीताबर्डीपर्यंत गेली असेल. मनोहरराव खाप्याच्या गाडीत चढले आणि वसंतच्या शेजारी बसले. गाडी हलली. तोच कंडक्टर रांगेतून पुढे आला आणि त्याने सवयीने शिक्क्याची डबी उघडली.

"काढा जी कार्ड."

"कार्ड नाही. दोन तिकिटं द्या."

कंडक्टर चकित झाला. "कार्ड नाही, तं खाप्याले काहून चालले जी?"

मनोहररावांनी खांद्यावरचा दुपट्टा नीट केला. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघत होती, मागची कान देऊन होती. त्यांनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"पोरगा दाखवाले चाललो."